हलक्या गाडीचा जड हिशेब

नवी गाडी बघायला गेलेला माणूस दाराच्या पत्र्यावर बोटाने टकटक करून पाहतो. 'पत्रा पातळ आहे हो' हा आपल्याकडे गाडीला नाव ठेवण्याचा हमखास शेरा आहे. जुनी अँबॅसडर म्हणजे कसा रणगाडा होता, हे सांगणारे एखादे काका बहुतेक घरांत सापडतात. दुसऱ्या बाजूला, गाडी जितकी हलकी तितकी ती पर्यावरणाला चांगली, असेही सांगितले जाते. आणि ॲल्युमिनियम, कार्बन तंतू, तागाचे दरवाजे अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. मुलांनी वर्गात विचारले, की यातले खरे काय, तर उत्तर एका वाक्यात देता येत नाही. मात्र शालेय विज्ञानातली घनता, घर्षण, गतिज ऊर्जा आणि विद्युत अपघटन ही चार प्रकरणे हाताशी असतील, तर ते कागद-पेन्सिल घेऊन शोधता येते. या लेखात आपण ते शोधणार आहोत.

वजन कुठे कुठे खर्च होते?

एक टन, म्हणजे १००० किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी घेऊ. (मारुती ८०० याहून बरीच हलकी, साडेसहाशे किलोंच्या आसपास होती. आजच्या लोकप्रिय गाड्या ९०० ते १५०० किलोंच्या दरम्यान असतात.) सपाट रस्त्यावर ही गाडी चालू ठेवायला इंजिनाला कशाकशाशी झगडावे लागते?

पहिला विरोध टायरांचा. टायर रस्त्याला टेकतो तिथे चपटा होतो, वर गेला की पुन्हा गोल होतो. या दाबल्या-सुटण्यात काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. चांगल्या रस्त्यावर हा विरोध गाडीच्या वजनाच्या साधारण एक टक्का असतो. आपल्या गाडीचे वजन सुमारे १०,००० न्यूटन, म्हणून विरोध १०० न्यूटन. एक किलोमीटर जायला त्यासाठी एक लाख ज्यूल कार्य करावे लागेल.

दुसरा खर्च ब्रेकचा. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जाणाऱ्या या गाडीची गतिज ऊर्जा ५०,००० ज्यूल. सिग्नलला ब्रेक दाबला, की ही सगळी ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते. सिग्नल सुटला, की ती पेट्रोल जाळून पुन्हा मिळवायची.

तिसरा खर्च चढाचा. खोपोलीहून खंडाळ्याला चढायचे म्हणजे गाडी सुमारे ५०० मीटर उचलायची. त्यासाठी जवळजवळ ५० लाख ज्यूल लागतात.

चौथा विरोध हवेचा. तो गाडीच्या आकारावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. वजनाशी त्याचा काहीही संबंध नाही. ताशी ३६ किलोमीटरला तो नेहमीच्या मोटारीला ४० न्यूटनच्या आसपास जाणवतो. ताशी ९० ला मात्र तो अडीचशे न्यूटनच्या वर जातो, म्हणजे टायरांच्या विरोधाच्या अडीचपट.

यातल्या पहिल्या तीन खर्चांत वस्तुमान सरळ गुणिले येते, चौथ्यात येत नाही. म्हणून वजन कमी केल्याचा फायदा गावातल्या थांबत-थांबत चालणाऱ्या वाहनाला जास्त आणि द्रुतगती मार्गावर एका वेगाने धावणाऱ्या मोटारीला कमी. हे पहिले सूत्र लक्षात ठेवू.

आता १०० किलो वजन कमी केल्याने किती पेट्रोल वाचेल ते काढू. टायरांचा विरोध १० न्यूटनने घटला. १०० किलोमीटरमध्ये वाचले १० लाख ज्यूल. दर किलोमीटरला एकदा ताशी ३६ च्या वेगावरून थांबावे लागते असे धरले, तर ब्रेकमध्ये वाचले ५ लाख ज्यूल. एकूण १५ लाख. इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी साधारण चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचवते, म्हणून पेट्रोलमधली ६० लाख ज्यूल ऊर्जा वाचली. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२० लाख ज्यूल असतात. म्हणजे १०० किलोमीटरमागे बचत झाली अंदाजे ०.२ लिटर. इंजिनही लहान बसवले तर ती याहून वाढते, पण आपण हाच आकडा धरून चालू.

गाडी आयुष्यात दीड लाख किलोमीटर चालली, तर ३०० लिटर पेट्रोल वाचेल. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेव्हा १०० किलो हलकेपणाची आयुष्यभराची कमाई सुमारे ७०० किलो कार्बन डायऑक्साइड. हा आकडा वहीत लिहून ठेवावा. पुढे तो लागणार आहे.

हलका पदार्थ म्हणजे हलकी वस्तू नव्हे

ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या जवळजवळ एक-तृतीयांश. मग पोलादाऐवजी ॲल्युमिनियम वापरले की गाडीचे वजन एक-तृतीयांश होईल? नाही. कारण ॲल्युमिनियम तितकेच कमी ताठही आहे. पदार्थ ओढला असता किती कमी ताणला जातो, याचे माप म्हणजे यंगचा गुणांक. खालचा तक्ता पाहा. घनता पाण्याच्या तुलनेत दिली आहे आणि यंगचा गुणांक गिगापास्कलमध्ये, दोन्ही आकडे ढोबळ करून.

पोलाद: घनता ७.८, गुणांक २१०, भागाकार २७
टायटॅनियम: घनता ४.५, गुणांक ११५, भागाकार २६
ॲल्युमिनियम: घनता २.७, गुणांक ७०, भागाकार २६
मॅग्नेशियम: घनता १.७, गुणांक ४५, भागाकार २६

शेवटचा आकडा पाहून आश्चर्य वाटेल. गुणांकाला घनतेने भागले, की चारही धातू एका रांगेत येऊन बसतात. याचा अर्थ असा, की नुसत्या ओढीखाली असलेली दांडी सारख्याच ताठपणाची हवी असेल, तर ती पोलादाची करा की मॅग्नेशियमची, वजन तेवढेच भरणार. हलक्या धातूची दांडी तितकी जाड करावी लागेल.

मग विमाने ॲल्युमिनियमची का करतात? कारण विमानाचे किंवा मोटारीचे बहुतेक भाग नुसते ओढले जात नाहीत, ते वाकवले जातात. आणि वाकण्याच्या बाबतीत जाडीला मोठा मान आहे. पत्र्याची जाडी दुप्पट केली, तर त्याचा वाकण्याला होणारा विरोध दुप्पट नव्हे, आठपट होतो, म्हणजे जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे तिप्पट ढिला असलेला ॲल्युमिनियमचा पत्रा तिप्पट जाड करावा लागत नाही. तीनचे घनमूळ सुमारे १.४४, तेवढाच जाड केला की पुरते.

गाडीच्या छपरासाठी ०.७ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा घेतला, तर एक चौरस मीटरचे वजन साडेपाच किलो. त्याच ताठपणासाठी ॲल्युमिनियमचा पत्रा एक मिलिमीटरचा लागेल आणि त्याचे वजन होईल २.७ किलो. म्हणजे वजन एक-तृतीयांश झाले नाही, पण निम्मे झाले. हेही कमी नाही. जर्मनीच्या औडी कंपनीने १९९४ साली ए-८ ही मोटार ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर उभी केली. अमेरिकेतल्या फोर्डच्या एफ-१५० या अतिशय खपाच्या पिकअप ट्रकचे अंग २०१५ च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमचे झाले आणि त्याचे वजन जास्तीत जास्त ३०० किलोंनी उतरले.

पदार्थ न बदलताही जाडीचा हा फायदा घेता येतो. सपाट पत्रा हाताने वाकतो. तोच पन्हळी केला, की गोठ्याचे छप्पर होतो. गाडीचे बॉनेट उघडून आतली बाजू पाहिली, तर तिथे उठावदार घड्या आणि कंगोरे दिसतील. ते शोभेचे नाहीत. पातळ पत्र्याला जाड पत्र्याचा ताठपणा देण्याची ती युक्ती आहे.

ताठपणा वेगळा, ताकद वेगळी

रोजच्या बोलण्यात आपण 'मजबूत' हा एकच शब्द दोन गुणांसाठी वापरतो. वस्तू किती कमी वाकते हा झाला ताठपणा. ती कायमची वाकडी होण्याआधी किंवा तुटण्याआधी किती बल सोसते, ही झाली ताकद. पोलाद साधे असो वा उत्तम, त्याचा ताठपणा तोच राहतो. ताकद मात्र कितीतरी बदलते.

साध्या पोलादाचा पत्रा ३०० मेगापास्कलच्या आसपास ताणाला तुटतो. त्यात अगदी थोडे बोरॉन आणि मँगनीज मिसळून पत्रा ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात, लालभडक असतानाच साच्यात दाबतात आणि थंड साच्यातच झटकन निववतात. लोहार कोयत्याच्या पात्याला पाणी देतो, त्याच जातीची ही क्रिया. असा पत्रा सुमारे १५०० मेगापास्कल ताण सोसतो. १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये विकसित झालेली ही पद्धत आज जगभरच्या मोटारींत वापरली जाते. पुढच्या आणि मागच्या दारांमधला खांब, छपराच्या कडा, दारातला आडवा दांडा असे अपघातात माणसाला वाचवणारे भाग तिच्यामुळे पातळ, म्हणून हलके आणि तरीही अधिक ताकदीचे करता आले. बहुतेक मोटारी आजही पोलादाच्याच का, याचे एक कारण हे आहे. पोलादही स्वस्थ बसलेले नाही.

इथेच 'पत्रा पातळ' या शेऱ्याचे उत्तर मिळते. बोटाने वाजवता येतो तो बाहेरचा पत्रा मुख्यतः झाकण असतो. अपघातात उपयोगी पडतो तो आतला सांगाडा. त्यातही पुढचा भाग मुद्दाम चुरगळेल असा आणि माणसे बसण्याचा भाग मुळीच चुरगळणार नाही असा केलेला असतो. सेकंदाला १५ मीटर वेगाने भिंतीवर आदळलेली गाडी १० सेंटिमीटरमध्ये थांबली, तर आतल्या माणसावर गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ११५ पट त्वरण येईल. पुढचा भाग ६० सेंटिमीटर चुरगळत थांबला, तर ते वीसपटीच्या खाली येते. रणगाड्यासारखी गाडी स्वतः शाबूत राहते आणि तो धक्का आतल्या माणसाला देते. भारतात ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या 'भारत एनकॅप' या मूल्यांकनात गाड्या आदळवून हेच तपासतात. तिथे गुण पत्र्याच्या जाडीला नाहीत, पुतळ्यांना झालेल्या इजेवर आहेत.

ॲल्युमिनियमचे विजेचे बिल

आता हिशेबाची दुसरी बाजू. मातीत ॲल्युमिनियम भरपूर आहे, पण ऑक्सिजनने त्याला घट्ट धरून ठेवले आहे. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये हेरू या दोन बावीस-तेवीस वर्षांच्या तरुणांनी, एकमेकांना न कळत, ती मिठी विजेने सोडवण्याची रीत शोधली. वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवून त्यातून वीज सोडायची, ही दहावीच्या पुस्तकातली कृती आजही तीच आहे.

किती वीज लागते, हे आपल्याला काढता येईल. ॲल्युमिनियमच्या प्रत्येक आयनाला तीन इलेक्ट्रॉन द्यावे लागतात. म्हणजे २७ ग्रॅम ॲल्युमिनियमला तीन फॅरेडे, सुमारे २,८९,५०० कूलोम विद्युतप्रभार. एक किलोला झाले सुमारे एक कोटी सात लाख कूलोम. घटाचे विभवांतर साधारण ४.२ व्होल्ट धरले, तर गुणाकार येतो साडेचार कोटी ज्यूल, म्हणजे साडेबारा युनिट. प्रत्यक्षात गळती धरून १३ ते १५ युनिट लागतात. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराची महिन्याची सारी वीज दिली, तर तिच्यातून जेमतेम सात किलो ॲल्युमिनियम निघेल.

शिवाय या घटाचे धनाग्र कार्बनचे असते आणि सुटलेल्या ऑक्सिजनशी संयोग पावून ते झिजत जाते. समीकरण संतुलित करून पाहिले, तर १०८ ग्रॅम ॲल्युमिनियममागे १३२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तिथल्या तिथे तयार होतो. तो टाळता येत नाही.

मोठा प्रश्न विजेचा आहे. नॉर्वे, आइसलँड आणि कॅनडातला क्वेबेक प्रांत इथले कारखाने धबधब्यांच्या आणि धरणांच्या विजेवर चालतात. भारतातही सुरुवात तशीच झाली होती. १९४३ साली केरळात आलुव्याजवळ देशातला पहिला ॲल्युमिनियम कारखाना सुरू झाला, तो जलविद्युतीवर. १९५९ मध्ये सुरू झालेला हिराकूडचा कारखानाही धरणाच्या विजेवरच उभा राहिला. पुढे रेणुकूट, कोरबा, अंगुल, झारसुगुडा इथे मोठे कारखाने झाले, ते कोळशाच्या विजेवर. कोळसा जाळून एक युनिट वीज केली, की जवळजवळ एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणून सगळे मिळून कोळशाच्या विजेवरच्या एक किलो ॲल्युमिनियममागे सुमारे १८ किलो कार्बन डायऑक्साइड धरावा लागतो. जलविद्युतीवर तोच आकडा ५ च्या आसपास येतो. भंगार वितळवून केलेल्या ॲल्युमिनियमला नव्याच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते. त्याच्यासाठी एक किलो धरू. पोलादाचा जागतिक आकडा सुमारे २ किलो.

आता वहीत लिहिलेला आकडा काढा. समजा, २०० किलोंचे पोलादी भाग काढून त्या जागी १०० किलोंचे ॲल्युमिनियमचे भाग बसवले. वजन १०० किलोंनी घटले. पोलाद तयार करताना ४०० किलो कार्बन डायऑक्साइड निघाला असता, तो वाचला.

ॲल्युमिनियम कोळशाच्या विजेवरचे असेल, तर १८०० किलो निघाले. म्हणजे गाडी रस्त्यावर येण्याआधीच १४०० किलोंचे कर्ज. आयुष्यभराची कमाई ७०० किलो. दीड लाख किलोमीटरमध्ये निम्मेच कर्ज फिटले. पूर्ण फिटायला तीन लाख किलोमीटर लागतील.

ॲल्युमिनियम जलविद्युतीवरचे असेल, तर ५०० किलो निघाले. कर्ज १०० किलोंचे. वीस-बावीस हजार किलोमीटरमध्ये फिटले. पुढचा सगळा फायदा.

ॲल्युमिनियम भंगारातले असेल, तर १०० किलोच निघाले. कर्जच नाही, उलट पहिल्या दिवसापासून ३०० किलो शिल्लक.

तीन गाड्या दिसायला एक, वजनाला एक, चालवायला एक. तरी त्यातली एक पर्यावरणाला तोट्याची आणि दोन फायद्याच्या. आपला हिशेब ढोबळ आहे. पेट्रोल शुद्ध करताना होणारा खर्च धरला, तर आकडे थोडे हलतील. गाडी भंगारात गेल्यावर ॲल्युमिनियम परत मिळाले, तर त्याचे श्रेयही द्यावे लागेल. पण निष्कर्ष बदलत नाही. 'हलकी म्हणून चांगली' असे नुसते म्हणता येत नाही. कोणत्या विजेवर, किती किलोमीटरसाठी आणि शेवटी कुठे जाणार, हे तीन प्रश्न विचारावेच लागतात.

किलोमीटरचा प्रश्न आपल्या एसटीच्या बाबतीत विचारून पाहा. रविवारी बाहेर पडणारी घरची गाडी वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर चालते. एसटीची बस साधारण लाखभर. म्हणजे ॲल्युमिनियमचे कर्ज घरच्या गाडीला आयुष्यात फेडता येणार नाही, ते बस तीन वर्षांत फेडील. एसटीच्या लाल गाड्यांना अनेक वर्षे ॲल्युमिनियमचे पत्रे होते. मात्र २०१७ नंतर महामंडळाने माइल्ड स्टीलच्या, म्हणजे साध्या पोलादाच्या बांधणीकडे मोहरा वळवला, तो अपघातात प्रवासी अधिक सुरक्षित राहावेत म्हणून. ऊर्जेचा हिशेब एकीकडे ओढतो आणि सुरक्षिततेचा दुसरीकडे, अशा जागी अभियंत्याला निवड करावी लागते. पुस्तकातल्या गणिताला एकच उत्तर असते, या गणिताला नसते.

बॉक्साइटचाही उल्लेख केला पाहिजे. एक टन ॲल्युमिनियमसाठी साधारण दोन टन ॲल्युमिना आणि त्यासाठी चार-पाच टन बॉक्साइट लागते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सह्याद्रीच्या पठारांवरून असे बॉक्साइट बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्यासाठी काढले गेले. ही जांभ्याची पठारे पावसाचे पाणी झिरपवून खालच्या झऱ्यांना देतात आणि इतरत्र न आढळणाऱ्या वनस्पती सांभाळतात. हा खर्च किलोग्रॅममध्ये मांडता येत नाही. तो हिशेबाबाहेर राहतो, म्हणून तो शून्य आहे असे मुलांना वाटू देऊ नये.

कार्बन तंतू आणि अंबाडी

मातीच्या भिंतीला तडे जाऊ नयेत म्हणून चिखलात गवताचे काड किंवा भुसा कालवतात. माती दाब सोसते, काड ओढ सोसते. दोन पदार्थांनी एकमेकांची उणीव भरून काढायची, ही कॉम्पोझिटमागची कल्पना. मोटारीत चिखलाच्या जागी रेझिन असते आणि काडाच्या जागी काचेचे किंवा कार्बनचे तंतू.

कार्बन तंतूचे कॉम्पोझिट पाण्याच्या १.६ पट घन, पण तंतूंच्या दिशेने १३० गिगापास्कलपर्यंत ताठ असते. मघाच्या तक्त्यातला भागाकार इथे २६ न येता ८० च्या घरात जातो. चार धातूंची रांग मोडणारा हा पदार्थ आहे. मात्र ही कमाल एकाच दिशेची. चहूबाजूंनी ताठपणा हवा असेल, तर थर आडवे-उभे रचावे लागतात आणि फायदा बराच उतरतो. शिवाय हा तंतू करण्यासाठी एक प्रकारचे प्लॅस्टिकचे सूत आधी हवेत भाजायचे, मग हजार अंशांच्या वर, हवा लागू न देता तापवायचे. त्यात सुताचे निम्मे वजन उडून जाते. एक किलो तंतूला लागणारी ऊर्जा पोलादाच्या दसपटीच्या आसपास जाते. बीएमडब्ल्यूने २०१३ ते २०२२ या काळात आय-३ नावाची विजेची मोटार केली, तिचा माणसे बसण्याचा भाग कार्बन तंतूंचा होता. त्यासाठी जपानमधले सूत अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या मोझेस लेक गावी नेऊन भाजत, कारण तिथे जलविद्युत मिळे. पुन्हा प्रश्न तोच: कोणत्या विजेवर?

वनस्पतींचे तंतू हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवतात. ताग, जवस, घायपात, अंबाडी यांचे तंतू सूर्यप्रकाशावर वाढतात. त्यांची घनता दीडच्या आसपास, तर काचेच्या तंतूची अडीच. दाराच्या आतले आवरण, सामानाच्या जागेचा तळ अशा कमी भार सोसणाऱ्या भागांत ते जगभर वापरात आहेत. जपानी मोटारींच्या दारांत वापरतात ते 'केनाफ' म्हणजे आपली अंबाडी. मुलांना ही भाजी माहीत असते, तिचे दोरही कोणी पाहिलेले असतील. पण हे तंतू पाणी शोषतात, फुगतात, आणि त्यांची ताकद पिकागणिक बदलते. म्हणून सांगाड्याचे काम त्यांना अजून देता येत नाही.

या कल्पनेचा एक जुना धडाही आहे. पूर्व जर्मनीत १९५७ ते १९९१ या काळात तीसेक लाख 'ट्राबांट' मोटारी तयार झाल्या. पोलादाच्या टंचाईमुळे त्यांच्या पोलादी सांगाड्यावर कापसाचा टाकाऊ भाग आणि फेनॉलचे रेझिन दाबून केलेले पत्रे बसवत. ते हलके होते, गंजत नसत. पण गाड्या भंगारात निघाल्या तेव्हा या पत्र्यांचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. हे रेझिन एकदा घट्ट झाले, की उकडलेल्या अंड्यासारखे पुन्हा पातळ होत नाही. आजच्या बहुतेक कार्बन तंतूंच्या कॉम्पोझिटचीही अडचण हीच आहे. मेणासारखे पुन्हा वितळणारे रेझिन वापरण्याचे प्रयत्न त्यासाठीच चालू आहेत.

भंगारातली सरमिसळ

धातूंचे मात्र भंगारात सोने होते, असे वाटते. ते अर्धेच खरे. कुर्ल्यासारख्या भंगारबाजारात कसबी माणूस हत्यार वाजवून, घासून धातू ओळखतो आणि वेगळा काढतो. यंत्राने अख्खी गाडी फाडली, तर तारांमधले तांबे पोलादात मिसळते. त्याचे प्रमाण थोडे जरी वाढले, तरी तापवून लाटताना पोलादाला चिरा पडतात आणि वितळलेल्या पोलादातून तांबे काढणे फार अवघड.

ॲल्युमिनियमचीही तीच कथा. इंजिनाच्या ओतकामाच्या मिश्रधातूत सिलिकॉन भरपूर असते, दाराच्या पत्र्यात फार थोडे. दोन्ही एकत्र वितळवले, तर त्यातून पुन्हा पत्रा होत नाही, ओतकामच करावे लागते. आजवर हे चालून गेले, कारण नव्या इंजिनांना ओतकामाचे ॲल्युमिनियम लागतच असे. विजेच्या मोटारीला इंजिनच नाही. तेव्हा मिसळलेल्या भंगाराला गिऱ्हाईक कमी होत जाणार, आणि धातू जातवार वेगळे काढण्याचे महत्त्व वाढत जाणार. इंग्लंडच्या जग्वार कंपनीने २०१५ मध्ये एक्सई या मोटारीसाठी पुष्कळसे भंगार सामावून घेणारा ॲल्युमिनियमचा खास मिश्रधातू वापरला, तो याच विचाराने. जुन्या गाड्या नोंदणीकृत केंद्रांवरच मोडण्याचे नियम भारतात २०२१ मध्ये आले. तिथे गाडी कापली जाते की सुटी केली जाते, यावर आपल्या हिशेबातला तिसरा प्रश्न अवलंबून आहे.

विजेच्या मोटारीने पहिला प्रश्नही थोडा बदलला आहे. ती ब्रेक लावताना मोटर जनित्रासारखी चालवून गतिज ऊर्जेचा बराचसा भाग बॅटरीत परत घेते. म्हणजे वजनामुळे होणारा ब्रेकचा तोटा घटतो. पण बॅटरीच शेकडो किलोंची असते, आणि गाडी हलकी केली, तर तेवढ्याच अंतराला लहान बॅटरी पुरते. तिथे हलकेपणाची किंमत बॅटरीतून वसूल होते.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. दोन पुस्तकांमध्ये थोडे अंतर ठेवून त्यावर पोस्टकार्ड किंवा जाड कागद ठेवा. मध्यावर खडू ठेवला तरी तो खचतो. त्याच कागदाच्या पंख्यासारख्या घड्या घालून ठेवा आणि किती खडू पेलतात ते मोजा. कागदाचे वजन बदललेले नाही, हे मुलांकडून वदवून घ्या.

२. प्लॅस्टिकची पट्टी टेबलाच्या कडेबाहेर काढून टोकाला वजन टांगा आणि ती किती वाकते ते मोजा. मग दोन पट्ट्या नुसत्या एकमेकींवर ठेवून, आणि शेवटी दोन्ही पट्ट्या पूर्ण चिकटवून तेच करा. नुसत्या ठेवलेल्या पट्ट्या सुमारे निम्म्या वाकतील. चिकटवलेल्या आठव्या हिश्शाच्या आसपास. जाडीच्या घनाचा नियम इथे डोळ्यांनी दिसतो.

३. वाहनाचे वजन भागिले त्यात नेहमी बसणारी माणसे, असा तक्ता मुलांना आजूबाजूच्या वाहनांसाठी करू द्या. एकट्या माणसाला नेणारी १२०० किलोंची मोटार, दोघांना नेणारी ११० किलोंची स्कूटर, पन्नास जणांना नेणारी नऊ-दहा टनांची बस आणि १८ किलोंची सायकल यांची तुलना होईल.

हा तिसरा तक्ता जरूर करावा. त्यात बसच्या प्रवाशाच्या वाट्याला दोनशे किलोंच्या आत वाहन येते आणि मोटारीतल्या एकट्या माणसाच्या वाट्याला १२०० किलो. कोणत्याही धातूने किंवा तंतूने एवढा फरक पडत नाही. प्रयोगशाळेत आम्ही एकेक किलो कमी करण्यासाठी वर्षे घालवतो आणि त्याच काळात बाजारातल्या गाड्या आकाराने वाढत जातात; वाचवलेले वजन मोठ्या आकारात परत जमा होते. हलके पदार्थ शोधणे आवश्यक आहेच, ते आमचे काम आहे. कोणत्या कामासाठी केवढे वाहन हवे हे ठरवणे मात्र सगळ्यांचे काम आहे, आणि त्याला लागणारे गणित आठवीतल्या मुलाला येते.